मस्कतला नव्याने येताय? आधी सलाम, मग काम

खजूरपाक

नमस्कार मंडळी. मला मस्कतला येऊन यंदा चौदा वर्षं होतील. सुरुवातीला रुवीत राहिले, आता अल खुवैरला असते. धागा काढायचं कारण गेल्या आठवड्यात घडलं. आमच्या इमारतीत नागपूरकडचं एक तरुण जोडपं आलंय. नवरा एका कार्यालयात कागद घेऊन गेला आणि खिडकीशी पोचताच म्हणाला, "हे अर्जंट आहे, आज करून हवंय." पलीकडच्या ओमानी अधिकाऱ्याने कागद हातातही घेतले नाहीत. 'नंतर या' एवढंच सांगितलं. पोरगा घरी येऊन चिडला, "इथले लोक आपल्याला कमी लेखतात" म्हणाला. मला फार वाईट वाटलं, कारण दोघांचंही चुकलं नव्हतं. आपल्याकडे खिडकीशी गेलं की काम सांगायचं असतं. इथे आधी माणसाशी बोलायचं असतं.

दुसऱ्या दिवशी त्याला सोबत घेऊन गेले. "अस्सलामु अलैकुम." उत्तर आलं, "व अलैकुम अस्सलाम." मग मी विचारलं, "कैफ हालक?", म्हणजे कसे आहात. त्यांनी अल-हम्दुलिल्लाह म्हणून मला विचारलं, मी सांगितलं. मग त्यांनी विचारलं, घरचे कसे आहेत, भारतात पाऊस झाला का? या सगळ्याला मिनिटभर लागलं असेल. त्यानंतर कागद पुढे केले आणि काम झालं. रांगेत मागे उभे असलेले लोकही शांत होते, कारण त्यांचीही विचारपूस तशीच होणार होती.

इथला शिष्टाचार मला एका वाक्यात सांगायचा तर असा, की समोरच्याला आधी थोडा वेळ द्यायचा. बाकीचे नियम याच्याच फांद्या आहेत. फोनवरही तसंच. 'हॅलो, ते कोटेशन पाठवलंत का' अशी सुरुवात करू नका. व्हॉट्सअ‍ॅपवरसुद्धा माझे ओमानी सहकारी आधी सलाम लिहितात, उत्तर आलं की मगच कामाचं लिहितात.

पुरुषाला 'कैफ हालक', बाईला 'कैफ हालिक'. सकाळी 'सबाह अल-खैर' म्हटलं तर उत्तर 'सबाह अन-नूर'. आपण मुस्लिम नाही म्हणून सलाम करू नये असं काही नाही, उलट केला तर आनंदच होतो. पुरुषाला त्याच्या बायकोबद्दल नाव घेऊन विचारू नका. 'घरचे कसे आहेत' हा प्रश्न योग्य, त्यात बायको, मुलं, आईवडील सगळे येतात.

हस्तांदोलनाचं लक्षात ठेवा. पुरुष पुरुषांशी हात मिळवतात आणि नंतर तोच उजवा हात छातीवर ठेवतात. ओमानी बाईपुढे पुरुषाने आपणहून हात करू नये. तिने पुढे केला तर मिळवावा, नाही तर हात छातीवर ठेवून किंचित मान लववावी. आपल्या बायकांच्या बाबतीत ओमानी पुरुष हेच करतात. कोणी हात मागे घेतला तर तो अपमान नसतो, आदरच असतो. पहिल्या वर्षी हे मला कोणी सांगितलं नव्हतं आणि एका सभ्य माणसाबद्दल मी बरेच दिवस मनात अढी धरून होते.

आता काहवा. हे जरा सविस्तर लिहिते.

कोणाकडे गेलात, किंवा कार्यालयातही, आधी खजूर येतो आणि मग काहवा. वेलची घातलेली, बिनसाखरेची, फिकट रंगाची कॉफी. भांड्याला दल्ला म्हणतात आणि बिनकानाच्या छोट्या कपाला फिंजान. वाढणारा दल्ला डाव्या हातात धरतो आणि उजव्या हाताने फिंजान देतो. तुम्हीही उजव्याच हाताने घ्यायचा. कपात घोटभरच ओततात. नवीन माणसाला वाटतं, एवढीशीच? पण ती पुन्हापुन्हा गरम मिळावी म्हणून थोडी असते. रिकामा फिंजान नुसता पुढे केलात तर तो पुन्हा भरला जाईल. पुरे झालं असेल तर मनगटातून दोनतीनदा हलवायचा आणि परत द्यायचा. 'नको नको' म्हणत बसावं लागत नाही. पहिला कप मात्र नाकारू नका. कॉफी आवडत नसेल तरी ओठांना लावा. आपल्याकडे हळदीकुंकवाला गेलेली बाई वाण न घेता परत आली तर घरच्यांना कसं वाटेल, तसंच आहे ते.

हलवाही येईल. केशर, वेलची, गुलाबपाणी घातलेला, थरथरता, चिकट. तो उजव्या हाताच्या बोटांनी किंवा चमच्याने थोडासा घ्यायचा. शेजारी बोटं धुवायला पाण्याचं भांडं असतं.

घराबाहेर चपला काढणं आपल्याला शिकवायला नको. बसताना पायाचे तळवे समोरच्या माणसाकडे होणार नाहीत एवढं पाहा.

आणि उठायचं कधी? शेवटी लोबानाचा किंवा बखूरचा धूप फिरवतात, अत्तरही देतात. आखाती भागात म्हण आहे, 'मा बाद अल-ऊद कऊद', ऊद फिरला की बसणं नाही. तो धूर कपड्यांवर घ्या, आभार माना आणि निघा.

ज्यांना अनुभव आहे त्यांनी भर घाला. नवीन येणाऱ्यांनी मनातलं मोकळेपणाने विचारा.

नवीन_पाहुणी

खजूरपाकताई, अगदी वेळेवर धागा आला. आम्ही ऑगस्टमध्ये येतोय. मी, नवरा, सात वर्षांची मुलगी, आणि दोन महिन्यांनी सासूबाई. त्या नऊवारी नेसतात, रोज पूजा करतात, कांदालसूणही खात नाहीत. त्यांची काळजी जास्त वाटते. बाहेर जाताना डोकं झाकावं लागतं का? मंगळसूत्र, टिकली चालते का? देवघर नेता येतं का? नातेवाइकांनी इतकं घाबरवलंय की कोणाला खरं मानावं कळत नाही.

दर्सैतची_दीपमाळ

पाहुणे, आधी दीर्घ श्वास घे. मंगळसूत्र, टिकली, साडी, नऊवारी, सगळं चालतं. मी गेली नऊ वर्षं दर्सैतला राहते आणि रोज कुंकू लावून फिरते. डोकं झाकायची सक्ती परक्या बायकांवर नाही. खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत, कपडे फार तंग किंवा पारदर्शक नसावेत, इतकंच. हे पुरुषांनाही लागू आहे. आपले काही भाऊ घरातली अर्धी चड्डी आणि बनियन घालून खाली किराणा आणायला जातात, ते इथे बरं दिसत नाही.

डोकं झाकायचं ते सुलतान काबूस मोठ्या मशिदीत गेल्यावर. तिथे बिगरमुस्लिमांना शनिवार ते गुरुवार सकाळी 8 ते 11 प्रवेश असतो, शुक्रवारी नाही. बायकांना केस, मनगटापर्यंत हात आणि घोट्यापर्यंत पाय झाकावे लागतात. पुरुषांनी लांब विजार घालावी. सासूबाईंना आवर्जून न्या. 2001 साली ही मशीद खुली झाली आणि तिच्यासाठी 3 लाख टन वालुकाश्म आपल्या भारतातून आला. माझ्या आईला हे सांगितलं तेव्हा ती खांबाला हात लावून बराच वेळ उभी राहिली. आतला गालिचा 4 हजार चौरस मीटरहून मोठा आहे, तो विणायला इराणमधल्या 600 बायकांना चार वर्षं लागली.

देवघराचं म्हणशील तर घरात पूजा करायला काही अडचण नाही. मस्कतमध्ये देवळं आहेत. जुन्या मस्कतमध्ये राजवाड्याजवळ मोतीश्वर महादेव, आणि आमच्या दर्सैतला कृष्णमंदिर. महाशिवरात्रीला मोतीश्वराला मोठी गर्दी होते. कच्छी आणि सिंधी व्यापारी इथे कित्येक पिढ्यांपासून आहेत, तेव्हा आपली पूजा ओमानी लोकांना अनोळखी नाही. फक्त सार्वजनिक धार्मिक कार्यक्रम परवानगी असलेल्या जागीच करायचे. गणपती इथली मराठी मंडळी मोठ्या हौसेने बसवतात, पण रस्त्यावर ढोलताशा आणि मिरवणूक नाही. घरातल्या आरतीची वेळ शेजारच्या अजानशी जुळत असेल तर पाच मिनिटं थांबावं. आम्ही थांबतो. आम्हाला कोणी सांगितलेलं नाही, पण आमच्या समोरच्या घरातले आजोबा आमच्या दिवाळीच्या पणत्यांभोवती मुलांना दंगा करू देत नाहीत, तर आम्हीही त्यांचा मान ठेवतो.

मत्रहचा_वारा

एक फार महत्त्वाचं राहिलं. ओमानी लोकांना हिंदी समजतं! सगळ्यांना नाही, पण भरपूर जणांना. इथे मूळचे बलुची आहेत. मत्रहला लवातिया समाज आहे, त्यांची घरची भाषा सिंधी-कच्छीच्या जवळची. शिवाय कित्येक जुन्या ओमानी लोकांचं मुंबईला व्यापाराला, औषधपाण्याला जाणं-येणं. तेव्हा दुकानात उभं राहून हिंदीत समोरच्याबद्दल काहीबाही बोलू नका.

मी स्वतः पाहिलंय. मत्रहच्या सूकमध्ये, म्हणजे जुन्या बाजारात, आपल्याकडचं एक कुटुंब लोबान घेत होतं. नवरा बायकोला हिंदीत म्हणाला, "ये बुड्ढा लूट रहा है." म्हातारबाबांनी लोबानाची पुडी बांधली, पैसे मोजून घेतले, वर मूठभर लोबान जास्तीचा टाकला आणि स्वच्छ हिंदीत म्हणाले, "बेटा, घर जाके जलाना, दिल साफ होता है." त्या माणसाचा चेहरा मला अजून आठवतो. तेव्हापासून मी प्रत्येक नव्या माणसाला हेच आधी सांगतो.

भाव करा, जरूर करा, सूकमध्ये तो करायचाच असतो. पण आधी सलाम, मग वस्तू हातात घेणं, मग भाव. दुपारी एक ते चार बहुतेक लहान दुकानं बंद असतात आणि शुक्रवारी सकाळी तर बाजार झोपलेलाच असतो. सुट्टी शुक्रवार-शनिवार. 2013 पर्यंत गुरुवार-शुक्रवार असायची, जुनी माणसं अजून गुरुवारी संध्याकाळीच सुट्टीच्या मनःस्थितीत जातात.

सूकच्या शेजारी सूर अल-लवातिया म्हणून तटबंदीतली वस्ती आहे. दार उघडं दिसलं तरी फिरायला आत शिरू नका, लोकांची राहती घरं आहेत ती. आणि फोटो! बायकांचे कधीच नाही, पुरुषांचे विचारून. पोलीस, लष्कर, सरकारी इमारती यांच्याकडे कॅमेरा वळवू नका.

वऱ्हाडी_पाऊल

सगळं वाचलं. माफ करा, पण थोडं वेगळं बोलतो. आपण इथे काम करतो, घाम गाळतो. दरवेळी आपणच का जुळवून घ्यायचं? रमजानमध्ये मला दिवसभर साइटवरच्या कंटेनरमध्ये लपून पाणी प्यावं लागतं. उन्हाळ्यात रमजान आला होता तेव्हा तर जीव नकोसा झाला होता. हा आदर नाही, ही भीती आहे. नवीन लोकांना गोडगोड सांगू नका, हेही सांगा.

सीब_ते_सातपूर

वऱ्हाडीभाऊ, तुमचं म्हणणं डावलण्यासारखं नाही. रमजानमध्ये दिवसा सार्वजनिक ठिकाणी खाणं, पिणं, सिगारेट ओढणं हा इथे गुन्हा आहे, त्याला कैदही होऊ शकते. हे नव्या माणसाला स्पष्ट माहीत असावं. आणि गाडीत बसून पाणी पिणंही सार्वजनिकच धरलं जातं. च्युइंगगमसुद्धा नको.

पण माझा अनुभव सांगतो. पहिल्याच वर्षी, दुपारी तीनची वेळ, सीबला गाडी उभी करून मी बाटली तोंडाला लावली. काचेवर टकटक झाली. डोक्याला मस्सर बांधलेले एक वयस्कर गृहस्थ. माझ्या पोटात गोळा आला. त्यांनी हात छातीवर ठेवला, मान हलवली आणि बाटली खाली ठेवायची खूण केली. मग विचारलं, "आजारी आहेस का?" मी नाही म्हटलं. ते म्हणाले, "बरं. असशील तर माझ्या घरात येऊन पी, ते समोरचं दार." तक्रार नाही, आरडाओरडा नाही. त्या दिवसापासून रमजानात मी बाहेर पाणी पीत नाही आणि त्याचं कारण दंड नाही.

साइटच्या लोकांचं दुःख मात्र खरं आहे. जून ते ऑगस्ट दुपारी साडेबारा ते साडेतीन उघड्यावरचं काम बंद ठेवायचा नियम आहे, तो तुमच्याकडे पाळला जातो का ते बघा. रमजानमध्ये मुस्लिम कर्मचाऱ्यांची वेळ कायद्याने दिवसाला 6 तास असते, बाकीच्यांची कंपनीवर अवलंबून. वरिष्ठाला नीट सलाम करून, बाजूला घेऊन सांगा की पाणी प्यायला बंदिस्त जागा हवी. चारचौघांत सांगू नका. चारचौघांत कोणाची चूक काढली की माणूस दुखावतो आणि तुमचं काम अडतं. आवाज चढवणं हे इथे सर्वांत मोठं असभ्यपण.

वऱ्हाडी_पाऊल

बाजूला घेऊन सांगायचं हे सुचलं नव्हतं. मी गेल्या रमजानात सगळ्यांसमोर बोललो होतो, तेव्हापासून तो सुपरवायझर माझ्याशी धड बोलत नाही. बघतो.

कुरुमकर

रस्त्यावरचंही बोला. हॉर्न वाजवणं इथे जवळजवळ शिवी दिल्यासारखं आहे. पुणे-मुंबईची सवय विमानतळावरच सोडा. हाताने किंवा बोटाने खुणा करून राग दाखवलात आणि समोरच्याने तक्रार केली तर प्रकरण पोलिसांत जातं. व्हॉट्सअ‍ॅपवर कोणाला अपशब्द लिहिणं, कोणाचा फोटो परवानगीशिवाय पसरवणं, याला 2011 चा सायबर गुन्ह्यांचा कायदा आहे. आपल्या सोसायटीच्या गटात आपण जसं एकमेकांवर तुटून पडतो तसं इथल्या गटात करू नका.

गॅलरीत रस्त्याकडून दिसतील असे कपडे वाळत घालायला मस्कत नगरपालिकेची मनाई आहे. नव्या घरात गेल्यावर बहुतेक आपली माणसं पहिल्याच आठवड्यात हे करतात.

लिफ्टमध्ये एकटी ओमानी बाई असेल तर पुरुषाने पुढची लिफ्ट घ्यावी. नियम नाही, पण तिला बरं वाटतं. दारूबद्दल इतकंच, की परवाना असेल तर घरात, नाही तर परवानगी असलेल्या हॉटेलात. प्यायल्यावर गाडीला हात लावायचा नाही.

निजवा_रोड

शाकाहारी मंडळींसाठी लिहिते, कारण मी स्वतः शाकाहारी आहे. माझ्या कार्यालयातल्या मैत्रिणीने ईदला निजवाजवळच्या तिच्या गावी बोलावलं. ईदला त्यांच्याकडे शुवा करतात. मसाला लावलेलं मांस पानांत गुंडाळून जमिनीतल्या खड्ड्यात निखाऱ्यांवर पुरतात, एक-दोन दिवस ते आत शिजतं. आख्खं गाव मिळून खड्डा उघडतं. सगळ्यांच्या आनंदाचा क्षण आणि मी मांस खात नाही! मी आठवडाभर आधीच तिला सांगितलं होतं. त्या दिवशी तिच्या आईने माझ्यासाठी वेगळ्या पातेल्यात भात, डाळ, दही आणि ताज्या खुब्जचा, म्हणजे रोट्यांचा, ढीग ठेवला होता. पातेलं नवं घेतलं होतं, त्यावरचं लेबल अजून तसंच होतं. "यात कधीच मांस शिजलेलं नाही" असं त्यांनी माझ्या मैत्रिणीकडून मला सांगवलं.

आधी सांगा, हाच मंत्र. ताट समोर आल्यावर तोंड वाकडं करणं किंवा 'ईई' म्हणणं (मुलांनाही समजावून न्या) फार लागतं त्यांना. जमिनीवर बसून एकाच मोठ्या ताटातून उजव्या हाताने जेवायची पद्धत आहे, आपल्या पुढ्यातलंच खायचं, दुसऱ्याच्या बाजूला हात न्यायचा नाही. पुरुष आणि बायका वेगळ्या खोल्यांत बसतात. नवऱ्याला एकटं पुरुषांच्या मजलिसमध्ये पाठवलं म्हणून गोंधळू नका. आणि खरं सांगू, बायकांच्या खोलीत जास्त मजा असते. माझ्या हातावर मेंदी काढून झाली, माझ्या साडीच्या निऱ्या सगळ्यांनी मोजल्या, आणि मी निघताना तिच्या आजीने माझं कपाळ हुंगल्यासारखं करून आशीर्वाद दिला.

घरातल्या एखाद्या वस्तूचं फार कौतुक करू नका, ती तुमच्या हातात ठेवतील. आणि कोणाच्या बाळाला गोड म्हणालात तर लगेच 'माशाअल्लाह' म्हणा. आपण दृष्ट काढतो ना, तसंच. ते न म्हणता नुसतं कौतुक केलं की आईचा जीव खालीवर होतो.

नवीन_पाहुणी, तुझ्या लेकीसाठी एक गंमत. रमजानच्या मध्यावर करनकशोची रात्र असते. मुलं नटूनथटून, पिशव्या घेऊन, गाणं म्हणत दारोदार फिरतात आणि लोक त्यांना गोळ्या, सुकामेवा, नाणी देतात. घरात खाऊ आणून ठेव आणि दार उघडं ठेव. माझी मुलगी दुसऱ्या वर्षी शेजारच्या मुलींबरोबर स्वतःच फिरायला गेली.

सीब_ते_सातपूर

मयताचं कोणीच लिहिलं नाही, म्हणून लिहितो. नव्या माणसाची तिथे सर्वांत जास्त गडबड होते आणि ती चूक नंतर भरून काढता येत नाही.

माझ्या शेजारी बसणाऱ्या सहकाऱ्याचे वडील गेले. इथे दफन शक्यतो त्याच दिवशी होतं आणि त्यानंतर तीन दिवस अज़ा, म्हणजे लोक भेटायला येतात. मी आपल्या हिशेबाने विचार केला, आत्ता घरात दुःख असेल, दहावं-तेरावं झालं की जाऊ. एका जुन्या मल्याळी सहकाऱ्याने मला हाताला धरून तिसऱ्या दिवशी संध्याकाळी नेलं. तीन दिवसांनंतर गेलात तर जखम पुन्हा उघडल्यासारखं होतं, हे त्याने वाटेत सांगितलं.

पुरुष मशिदीशेजारच्या सभागृहात बसले होते, बायका घरी. आत गेलं की सलाम करायचा, उजवीकडून सुरुवात करून प्रत्येकाशी हात मिळवत जायचं, मग बसायचं. खजूर आणि काहवा येतो, तो घ्यायचा. दहा-पंधरा मिनिटं शांत बसायचं. काय झालं, कसं झालं हे खोदून विचारायचं नाही. 'अल्लाह यरहमहू', म्हणजे अल्लाह त्यांच्यावर दया करो, एवढं म्हटलं तरी पुरे. फुलं, हार नेऊ नयेत. पांढरेच कपडे हवेत असंही नाही, साधे आणि अंगभर असावेत. माझा सहकारी काही बोलला नाही. त्याने फक्त माझा हात नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ धरून ठेवला.

पुढच्या वर्षी माझे वडील नाशिकला वारले. मी अंत्यविधी करून परत आलो त्या संध्याकाळी आमच्या घरी अकरा ओमानी माणसं आली. अंगात पायघोळ दिशदाशा, डोक्यावर कुम्मा म्हणजे गोल टोपी, हातात खजुराचा डबा. आमच्या दिवाणखान्यात सतरंजीवर बसली. कोणी काही विचारलं नाही. आईचा फोन आला तेव्हा सगळे एकदम गप्प झाले. पंधरा मिनिटांनी उठून गेली. आमच्या घरी त्यांना द्यायला काहवा नव्हता, बायकोने चहा केला, तो सगळ्यांनी प्यायला.

10 जानेवारी 2020 ला ओमानचे सुलतान काबूस वारले तेव्हाही इथे होतो. तीन दिवस सुट्टी होती, झेंडे 40 दिवस अर्ध्यावर होते. माझ्या कार्यालयातली मोठमोठी माणसं रडताना पाहिली. त्या दिवसांत आमच्या इमारतीतल्या एका घरात वाढदिवस जोरात गाणी लावून झाला. खाली राहणारं ओमानी कुटुंब वर तक्रार करायला आलं नाही. पण नंतर कित्येक महिने त्या घराकडे त्यांनी पाहिलंही नाही. अशा वेळी इतकं तरी कळायला हवं आपल्याला.

खजूरपाक

दादा, हे वाचून थोडा वेळ लिहवेना. माझ्या पहिल्या पोस्टमध्ये हेच राहिलं होतं. बरं झालं लिहिलंत.

वऱ्हाडी_पाऊल

सुपरवायझरशी बोललो. जुम्म्याच्या आदल्या दिवशी, त्याच्या खोलीत, दार लावून. आधी मुलांची चौकशी केली. मागच्या वेळी सगळ्यांसमोर बोललो ते चुकलं असं सांगितलं. पाण्यासाठी एक कंटेनर पंखा लावून वेगळा देणार म्हणाला. इन्शाअल्लाह म्हणाला, म्हणजे होईल की नाही ते बघायचं.

मत्रहचा_वारा

'इन्शाअल्लाह'ला टाळाटाळ समजू नका भाऊ. कधी होकार असतो, कधी नकार दुखवू नये म्हणून म्हटलेला शब्द असतो. आठवड्याने शांतपणे आठवण करा, पुन्हा मुलांची चौकशी करून.

नवीन_पाहुणी

ताई, दादा, आम्हाला येऊन तीन आठवडे झाले! अल खुवैरलाच घर मिळालं. कपडे गॅलरीत वाळत घातले नाहीत, हॉर्न वाजवलेला नाही. काल संध्याकाळी शेजारच्या ओमानी बाईंनी मुलीच्या हाती हलव्याचं मोठं ताट पाठवलं, वर पितळी झाकण. मी 'माशाअल्लाह' म्हणून त्यांच्या बाळाचं कौतुकही केलं, त्या एकदम हसल्या. आता प्रश्न असा, की ताट रिकामं परत द्यायला हात होत नाही. त्यात काय घालू? आणि त्यांच्या घरी वयस्कर आई आहेत, त्यांना काय म्हणून हाक मारू?

खजूरपाक

रिकामं ताट परत द्यायचं नाही, हे तुझ्या आईने शिकवलंय तेच इथेही धर. बेसनाचे लाडू कर, साजूक तुपातले. त्यात काय काय आहे ते सांग, म्हणजे त्यांना शंका राहणार नाही. बाजारचं काही देऊ नकोस, जिलेटिन किंवा अल्कोहोल असलेलं तर मुळीच नको. मगरिबची, म्हणजे सूर्यास्तानंतरची, नमाज होऊन जाऊ दे, मग जा, आणि लेकीलाही सोबत घे. उजव्या हाताने ताट दे. आत बोलावतील, घड्याळ घरी ठेवून जा. त्यांच्या आईंना 'खालती' म्हण, म्हणजे माझी मावशी.

नवीन_पाहुणी

डाळ भाजायला घेतलीय. खालती, खालती असं लेक घरभर म्हणत फिरतेय.